तीन फूट पुढं रोवलेला दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. सध्या मुक्काम पोलीस ठाण्याची मुद्देमाल खोली. गळ्यात चिठ्ठी बांधली आहे. अंगावर काळं दिसतंय ते वंगण नाही, रक्त आहे.

माझा जन्मच मारहाणीतला. नळदुर्गजवळच्या खाणीत सुरुंग उडाला आणि मी डोंगरापासून तुटलो. मग खाणीतल्या लक्ष्मम्मानं घणाचे घाव घालून माझ्या चार बाजू काढल्या. तिचा राग माझ्यावर नव्हता, हे मला कळायचं. तरी घाव लागायचाच.

मला विकत घेतलं मल्लिनाथनं. राहणार जळकोट, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. वडील हायवेवर ट्रकखाली गेले, त्याची भरपाई आईनं, महेश्वरीबाईनं, त्याच्या शिक्षणासाठी जपली होती. पोरगं वर्गात कमी आणि मोबाईलवर जमिनीचे व्हिडिओ बघण्यात जास्त. नोकऱ्या कुठं आहेत, एक प्लॉट घेऊ, वर्षात विकू, त्यातून दोन घेऊ, असं रोज ऐकवून त्यानं आईला वळवलं.

खरेदीखत चोख झालं. घोडं अडलं ते सरकारी मोजणीपाशी. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची, आणि एवढा दम कुणाला? मोबाईलवर मोजणीचं ॲप लावून त्यानं प्लॉटभोवती चक्कर मारली, पडद्यावर रेघ उमटली आणि तिथं मला रोवलं. महेश्वरीबाईनं हळदकुंकू वाहून माझ्यावर नारळ फोडला. मला उगाचच देव झाल्यासारखं वाटलं.

शेजारी गुरुसिद्धप्पांचं शेत. म्हातारा तीन दिवस नुसता बघत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, "पोरा, तीन फूट आत आलायस. सरकारी मोजणी आण. निघंल तेवढी तुझी."

मल्लिनाथला वाटलं, थेरडं जमीन गिळतंय. मग रोजचाच तमाशा झाला. आप्पांनी पहारीनं मला उपटायचं, पोरानं परत रोवायचं. त्यात माझा एक कोपरा उडाला. एकदा गचांडी धरली, एकदा आप्पांचा दात पडला. तरी दोघंही हटेनात. माणसांपेक्षा आम्ही दगड लवकर हलतो.

रविवारी सोलापूरचं गिऱ्हाईक प्लॉट बघायला आलं. नेमके आप्पा पहार घेऊन आले आणि उकरू लागले. भानगडीची जागा नको म्हणत गिऱ्हाईक गाडीत बसलं. बापाच्या मरणाचा पैसा या म्हाताऱ्यानं मातीत घातला, असं मल्लिनाथ ओरडला आणि त्यानं आप्पांच्या पेकाटात लाथ घातली. आप्पा बांधावर आडवे झाले. त्यानं मला छातीपर्यंत उचललं. त्या वेळी मी दुप्पट जड असायला हवा होतो.

मी त्यांच्या डाव्या हातावर पडलो. ऊस मोडावा तसा आवाज झाला. महेश्वरीबाई धावत आली, लेकाच्या कमरेला मिठी घालून त्याला मागं ओढू लागली. त्यानं तिला झिडकारून पाडलं आणि मला पुन्हा उचलून त्याच हातावर आपटलं. सोलापूरच्या दवाखान्यात हात कोपरापासून काढावा लागला.

पुढं मोजणी झाली. मी तीन फूट दोन इंच पुढं रोवलेला निघालो. आप्पांचा अंदाज दोन इंचांनी चुकला होता.

परवा मला कोर्टात नेलं. दगड हातातून घसरला असं सांग, बाकी मी बघतो, असं वकिलानं मल्लिनाथला पढवून ठेवलं होतं. जजसाहेबांनी विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग आप्पांच्या रिकाम्या बाहीकडं. मागच्या बाकावर आई तोंडात पदर कोंबून बसली होती.

"घसरला न्हाय, साहेब. म्या टाकला. दोनदा."

वकिलानं कपाळावर हात मारला. आप्पांनी मान खाली घातली. मला मात्र त्या पोराची पहिल्यांदाच कीव आली.

निकाल अजून लागायचाय. तो लागला की कुणीतरी मला इथून नेईल. बाबांनो, पायरीला लावा, धुणं आपटा, उखळ करा, काहीही चालेल. पण हद्दीवर रोवणार असाल तर आधी मोजणी करून घ्या. तारीख चार महिन्यांची असली तरी थांबा.