चाकात बसलेली सासू

दवाखान्याच्या सिमेंटच्या अंगणात शंभरेक माणसं जमली होती. मधोमध दवाखान्याची नवी रुग्णगाडी उभी होती आणि एक बाई गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने तिचे टायर पुसत होती.

"सासूला शेवटी पाणी विचारलं नाही हिने," महाराज सांगत होते. "म्हातारीने याच गाडीत प्राण सोडला. आता ती चाकात बसली आहे. वळण आलं की चाक धरते. सुनेने नाक घासल्याशिवाय सोडायची नाही."

गर्दी सारत मावशी पुढे आली. टायर पुसणारी तिची सख्खी भाची होती. दोन वर्षं सासूचं हगणंमुतणं काढून भाचीची कंबर धरली होती, ते मावशीने पाहिलं होतं. आणि भाचीचा नवरा महाराजांच्या मागे हात जोडून उभा होता.

महाराज गाडीत चढले, पडदे ओढले, आत पुटपुटले. मग त्यांनी गाडी अंगणात दोनदा गोल फिरवली. कुठे हिसका नाही, आवाज नाही. लोक जागीच वाकले. गाडी थांबवून महाराज पडद्याआड आणखी थोडं पुटपुटले आणि खाली उतरले.

"आज सोडलं तिने. सुनेच्या मनात पाप उरलं असेल तर परत धरेल."

"हे तिसऱ्यांदा," ड्रायव्हर मावशीच्या कानाशी म्हणाला. "हे उतरतात आणि मी वळवली की पुन्हा हिसके."

मावशी तंत्रशाळेत गाड्यांची दुरुस्ती शिकवायची. तिने विचारलं, "चिखलात देते हिसके?"

"चिखलात छान चालते. डांबरावर, सिमेंटवर वळवली की अडते, टायर कुरकुरतात."

"म्हणजे म्हातारीला चिखल चालतो, सिमेंट चालत नाही," मावशी म्हणाली आणि सरळ गाडीत डोकावली. गिअरच्या शेजारचा छोटा दांडा चारवर होता. "हा इथे कोणी ठेवला?"

"मीच. जुन्या गाडीची चारही चाकं कायम ओढायची. हिचीही तशीच ठेवली."

मावशीने पडदे काढून टाकले. महाराज म्हणाले, "विधी उघड्यावर होत नसतो."

"माझा होतो," ती म्हणाली.

तिने दांडा दोनवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, घेतला आणि गाडी गोल फिरवली. गाडी गुपचूप फिरली. दांडा चारवर टाकला. पहिल्याच वळणाला हिसका बसला, टायर कुरकुरले. पुन्हा दोनवर घेतला, गाडी शहाणी झाली. असं तिने तीनदा भूत घातलं आणि तीनदा काढलं. मग खाली उतरून ती लोकांना समजावू लागली.

"वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. जुन्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल होतं, ते हा फरक सांभाळायचं. म्हणून ती कायम चारही चाकांवर चालायची. हिच्यात ते नाही. दांडा चारवर टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडतात. चिखलात चाक थोडं घसरून मोकळं होतं, कोरड्या सिमेंटवर घसरत नाही, म्हणून अडतं. चार फक्त चिखलासाठी. हे गाडीबरोबरच्या पुस्तकात पहिल्याच पानांवर छापलेलं असतं." ती महाराजांकडे वळली. "पडद्याआड दोनवर घ्यायचं, उतरताना परत चारवर टाकायचं. कुठे शिकलात?"

 उत्तर दिलं महाराजांच्या पोक्त शिष्याने, तेही अभिमानाने. "महाराज आधी खाणीवर ड्रायव्हर होते."

कोणीतरी हसलं. महाराज अश्रद्ध लोकांना शिव्या घालत फाटकाबाहेर पडले. लोक इकडेतिकडे बघत पांगले. तीन वेळा भाचीला टायर पुसताना पाहणाऱ्यांपैकी एकही तिच्याजवळ आला नाही.

नवरा आला. "झालं ना आता. चल घरी."

भाची उठली. तिचे गुडघे सोलले होते. "आईचं सगळं मी केलं, हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "महाराजांनी सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत."

 ती मावशीच्या घरी निघाली.

फाटकाशी रेंगाळलेल्या चार-सहा जणांना मावशी म्हणाली, "महाराज लबाड होता, त्याचा धंदाच तो. पण तुम्हाला डोळे होते. गाडी अडली तर गाडी उघडून बघा, नाहीतर जाणत्याला विचारा. घरातल्या बाईला गुडघ्यांवर बसवू नका."