वर यायची वाट

हर्षलनं टेपचं एक टोक पाण्याकाठच्या हद्दीच्या दगडावर टेकवलं आणि दुसरं आईच्या हातात दिलं. विजयमालाबाई टेप धरून पाण्याकडेच पाहत होत्या. मोहगावकडचा हा धरणाचा तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा त्या परकर नेसायच्या. त्यांचं गाव याच पाण्याखाली गेलं, आणि त्यांचे बाबाही. गोठ्यातली गाय सोडायला म्हणून लंगडत माघारी गेले, ते आलेच नाहीत. आता उरलेले दिवस निदान त्यांच्या काठावर काढावेत, एवढा एकच हट्ट बाईंनी धरला होता.

"काका, इथून पाण्यात पायऱ्या बांधता येतील न? आईले रोज उतरायचं आहे," हर्षलनं विचारलं.

जमीन विकणारे पुंडलिकराव संत्र्याचे बागायतदार. घाईनं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तुमचं वावर या दगडापावतर. खाली सारं सरकारचं. उतराचा हक्क नाई."

बाईंचा चेहरा उतरला. "मंग त्या पायऱ्या कोनाच्या?"

बेशरमाच्या झुडपांतून जुन्या दगडी पायऱ्या पाण्यातून वर येत होत्या. तिथून एक पायवाट वावर चिरत टेकडीवरच्या मातामायच्या देवळाकडे गेली होती.

"ते गावची वहिवाट. गाव बुडालं, वहिवाट नाई बुडली. चैतात गावचे लोकं मातामायले येतात. तार नाई लावाची, फाटक नाई. माह्या बापानं एकडाव वाटेवर काटे टाकले होते. सकाळी पाह्यलं तं ओलेचिंब, बाजूले सारून ठेवलेले."

हर्षल हसला. "गावचे लोक तर सारे सौंसर शहरात राहून राहिले, काका. पाण्याकडून कशाले येतील?"

"जे निंगले, ते सौंसरले राह्यतात."

हर्षलचं हसू ओठावरच विरलं. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, तरी पायऱ्या ओल्या होत्या. बाई वाकल्या. ओली पावलं वर चढली होती. एक पाऊल अख्खं, दुसऱ्याचा नुसता चवडा. पुन्हा अख्खं, पुन्हा चवडा. उतरणारं एकही नव्हतं. बाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना रडू आलं.

"आई, चल. दुसरी जागा पाहू."

बाईंनी डोळे पुसले आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"पुंडलिकभाऊ, सौदा पक्का. वाट मोकळीच ठेवीन. पन घराच्या आंधी गोठा बांधीन."

"गोठा? तुमच्यापाशी ढोरं कुठी आहेत?"

"एक गाय घेईन," बाई म्हणाल्या. "गाय पाह्यल्याबिगर बाबा घरात पाय नाई ठेवत."