चिकटपट्टीची शेपटी

फ्यूज निळा होता. अंगठ्याच्या नखाएवढा, माथ्यावर पंधरा अँपिअरचा आकडा, खाली दोन चपटे चकचकीत पाय आणि अर्धपारदर्शक पोटात किंचित बाक दिलेली तार. फ्यूज जळला की ही तार मधोमध तुटते आणि प्लास्टिकवर काळसर डाग पडतो. इथे तार अखंड होती, डाग नव्हता. फ्यूज नमुन्याच्या छोट्या बाटलीत होता, बाटली तिच्या खिशात होती आणि बाटलीवरचं लेबल कोरं होतं.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर बिनलेबलाची बाटली तिच्या हातून कुठे ठेवली जात नसे. या एका बाटलीवर काय लिहावं ते तिला ठाऊक होतं. लिहायला हात धजला नव्हता, एवढंच.

“मोजपट्टी, बस आत,” आप्पा म्हणाले. “मी सांगितल्यावर चावी फिरव. अर्धीच. स्टार्टर मारायचा नाही.”

मोजपट्टी हे तिचं लहानपणापासूनचं नाव. भावाला आणि तिला खाऊ वाटून दिला की ती दोन्ही वाटे शेजारी शेजारी लावून बघायची, म्हणून वडिलांनीच ठेवलेलं. आता तिची मुलगी पोहायच्या क्लासला जायला लागून दोन उन्हाळे झाले, तरी वडिलांच्या तोंडी तेच होतं.

शेडमध्ये उंच, सात जणांची मोठी गाडी उभी होती. बॉनेट वर केलेलं, बॅटरीशेजारच्या काळ्या पेटीचं झाकण उघडलेलं. आत फ्यूजच्या रंगीत ओळी आणि त्यांच्या डोक्यावर वीज जोडणारे-तोडणारे काळे चौकोनी रिले. आप्पांनी जुना टॉवेल पसरून त्यावर चिमटा, पाना, टॉर्च अशी मांडामांड केली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा उभा जन्म रिलेच्या टकटकाटात गेला होता. हजारभर रिले वाजत असताना त्यातला आजारी कुठला, हे ते नुसतं ऐकून सांगत, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगायचे. आता कानांनी साथ सोडली होती, म्हणून ते रिलेवर बोट टेकवत आणि आतली हालचाल बोटाने ऐकत.

“फिरव.”

तिने चावी अर्धी फिरवली.

“टिक झालं,” आप्पा म्हणाले. “पंपाचा रिले जिवंत आहे. आता तू सांग, मागच्या सीटखाली गुणगुण आली का? चावी फिरवली की पंप दोन क्षण गुणगुणतो. लहानपणी तुला ऐकवायचो बघ, पोटात माशी असल्यासारखा.”

“नाही आली,” ती म्हणाली. हे खरं होतं. गेल्या काही दिवसांत तिने आप्पांना सांगितलेल्या खऱ्या गोष्टी मोजक्याच होत्या, त्यातली ही एक.

“म्हणजे बघ. स्टार्टर फिरतो, बॅटरी ठणठणीत. रिले टिक करतो. पंप मात्र गप्प. मधे कोण उरलं? फ्यूज.” त्यांचा चेहरा उजळला होता. आई गेल्यावर हा माणूस जेवणाच्या ताटावरसुद्धा पाहुण्यासारखा बसायचा. आणि आज, बिघडलेल्या गाडीसमोर, घरच्यासारखा उभा होता. “ये खाली. झाकणाच्या आतला नकाशा वाच. असली मुंगीची अक्षरं छापतात मेले.”

ती उतरली. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर चौकोन होते, चौकोनांत आकडे आणि बाजूला नावं. इंधन पंप, सोळा. अक्षरं बारीक होती, पण स्वच्छ.

“पंपाचा कितवा?”

“बारावा,” ती म्हणाली.

आयुष्यात तिने एकाही नमुन्याचा आकडा बदलला नव्हता. एकदा वरिष्ठांनी नुसतं सुचवलं होतं, तर ती महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. आणि इथे, वडिलांसमोर, तिची जीभ कशी सरळ बारावर जाऊन बसली. कानशिलं तापली तशी ती टॉर्च नीट धरण्याच्या निमित्ताने खाली वाकली.

आप्पांनी चिमट्याने बारावा फ्यूज काढला, उजेडात धरला, मग तिच्या हातात दिला. “तुझे डोळे चांगले. तार बघ.”

“अखंड आहे.”

“मग गेली वायर, नाहीतर पंपच.” त्यांनी तिच्याकडून फ्यूज घेऊन परत जागेवर बसवला. “गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला काय केलं या मिस्त्रीने कोण जाणे. धडधाकट गाडी दिली होती. येऊ दे त्याला, बोलावलंय मी.”

“मिस्त्रीला कशाला, आप्पा? त्याने काही केलं नसेल.”

“तू कशाला त्याची वकिली करतेस? गाडी काय आपोआप बिघडते?”

तिच्या खिशातली बाटली मांडीला टोचत होती.

गोष्ट अशी झाली होती. क्लासहून परतताना आजोबा आणि नात गाडीत होते. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, पार्किंगमध्ये कुणीतरी आरसा ठोकला बघ. रात्री मुलगी पांघरुणातून म्हणाली, आई, शप्पथ सांगू नको, पण आरसा खांबाला लागला. गाडी वळणावर फुटपाथवर चढली होती. तिथे एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती, तिने ती मागे ओढली. मी ओरडले, पण आजोबांना ऐकूच आलं नाही. त्यांना ती बाई दिसलीच नाही, आई. ते गाणं गुणगुणत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याआधीच सांगून ठेवलं होतं, गाडीचं आता घरच्यांनी ठरवावं. घरच्यांनी म्हणजे कुणी? दादा फोनवर म्हणायचा, तू जवळ असतेस, तूच सांग. ती म्हणायची, तू मोठा आहेस, तू सांग. तो म्हणायचा, सुट्टीत आलो की बोलू. सुट्टीत यायचा, आप्पांच्या शेजारी बसून गावभर हिंडायचा आणि निघताना तिच्या कानात म्हणायचा, जमलं नाही गं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. कारण गाडी बाहेर काढली की आप्पा निवृत्त म्हातारे राहत नसत. गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात जायचं असो, कुणाचं कपाट हलवायचं असो, हाक त्यांनाच. लोक गमतीने त्यांना महामंडळ म्हणायचे आणि ते खूश व्हायचे.

पांघरुणातलं ते बोलणं ऐकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा फिरायला गेले असताना तिने सोळावा फ्यूज काढला. मनाशी म्हणाली, संध्याकाळपर्यंत बोलू. संध्याकाळी म्हणाली, उद्या.

मिस्त्रीची जुनी व्हॅन फाटकाशी थांबली. चाळिशीचा, गुटगुटीत, खिशात कायम स्वच्छ फडकं बाळगणारा माणूस. गाडी नवी होती तेव्हापासून तोच बघायचा.

“काय काका, महामंडळाचा संप?”

“थट्टा राहू दे,” आप्पा म्हणाले. “मी तुला चालती गाडी दिली होती. तू काय केलंस आत?”

मिस्त्रीचं हसू ओसरलं. “ऑइल बदललं, फिल्टर बदलला. दुसऱ्या कशाला हात नाही लावला.”

“हात न लावता पंप बंद पडतो? विश्वासाने टाकतो रे तुझ्याकडे. घरच्यासारखा मानतो. आणि तू पोरांच्या भरवशावर गाडी सोडून चहाला जातोस.”

“काका, तुमची गाडी मी पोरांना देतच नाही.”

“मग तूच केलंस.”

मिस्त्रीने फडक्याने हात पुसले, ते आधीच स्वच्छ होते. “झालं असेल हातून,” तो हळूच म्हणाला. “बघतो ना. काय असेल ते नीट करून देतो.”

ती टॉर्च धरून उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. एक वाक्य बोललं की हा माणूस सुटत होता. तिने ओठ उघडलेसुद्धा, पण नेमकं तेव्हाच मिस्त्रीने झाकण उचललं आणि म्हणाला, “पंपाचा सोळावा आहे, काका.”

“सोळावा? हिने बारावा वाचला.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“छपाई पुसट आहे,” ती म्हणाली.

मिस्त्रीने पुन्हा एकदा झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नजर दुसरीकडे वळवली. त्याला कळलं, हे तिला कळलं.

“असेल पुसट,” आप्पा म्हणाले. “मोजपट्टी चुकीचं वाचायची नाही.” ते पेटीवर वाकले, बोटाने ओळ चाचपत गेले. “चौदा, पंधरा... सोळा रिकामा? रिकामाच आहे की. बघ, मिस्त्री, फ्यूजच काढलाय आणि वर म्हणतोस...”

ते थांबले. बोट पुन्हा त्याच जागी गेलं.

पेटीत रिकाम्या जागा बऱ्याच असतात. जे सामान या गाडीत बसवलेलंच नाही, त्याची जागा नुसती पोकळ असते, आत धातू नसतो. पण सोळाव्याच्या तोंडावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता, चौकोनात नेमका बसेल असा कापलेला. आणि त्याचं एक टोक आतल्या आत दुमडून शेपटी ठेवलेली होती.

एक्स्चेंजमध्ये आप्पांचा नियम होता. भाग काढला की भोक उघडं टाकायचं नाही, धूळ आणि ओल जाते. पट्टी लावायची. आणि पट्टीला शेपटी ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला नखं मोडावी लागत नाहीत. घरातली खोक्यांची, बरण्यांची, पुस्तकांची पट्टी अशीच लागायची. फ्यूज काढल्यावर तिने काहीही विचार न करता पट्टी कापली होती आणि बोटांनी आपसूक टोक दुमडलं होतं. चोरी करतानाही ती वळण विसरली नव्हती.

आप्पांनी शेपटी धरून पट्टी सोलली. खालचे धातूचे दोन ओठ टॉर्चच्या उजेडात लखलखले.

“आमच्याकडे अशी पट्टी कोण लावतो, काका?” मिस्त्री म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

“कोणीच नाही लावत.” आप्पा पट्टीकडे बघत होते. “ही माझी आहे.”

“आप्पा,” ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही.

ते मागे सरकले आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. “मीच काढला असणार. कशासाठी काढला असेन? मला आठवत नाही.” त्यांनी पट्टीचा तुकडा गुडघ्यावर सपाट केला. “परवा चष्मा फ्रिजवर सापडला, तेव्हा आपण हसलो. हे हसण्यासारखं नाही. पट्टी कापली, शेपटी केली, इतकं सगळं हातांनी केलं आणि डोक्याला पत्ता नाही.”

ते मिस्त्रीकडे वळले.

“मिस्त्री, माफ कर बाबा. नाही नाही ते बोललो तुला.”

“असू द्या, काका. आपल्या माणसाचं कोण मनावर घेतं?”

“नाही. चूक ती चूक.” त्यांचा आवाज लहान झाला होता, इतका लहान तिने तो आईच्या आजारपणात दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता. “डोळ्यांचं समजू शकतो. कानांचं समजू शकतो. डोकं शाबूत आहे या भरवशावर चाललं होतं माझं.” मग त्यांनी तिच्याकडे मान वर केली. “दादाला सांगू नको हं. आपण दोघं जाऊ डॉक्टरांकडे. आधी खात्री करून घेऊ.”

आप्पा रागावतील, रुसतील, अबोला धरतील, हे सगळं तिने मनात तोलून पाहिलं होतं. ते तिच्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःच्या मेंदूवर घेतील, हे कुठल्याच पारड्यात नव्हतं. बोलायचं टाळून तिने त्यांचा मान राखला होता म्हणे. आणि त्यांच्याजवळ उरलेली एकमेव वस्तू तिने अशी काढून घेतली होती, फ्यूजसारखी, आवाज न करता.

मिस्त्री फडकं खिशात कोंबत फाटकाकडे निघाला.

“मिस्त्रीदादा, थांबा,” ती म्हणाली. “तुमच्यासमोरच बोलायला हवं.”

तो थांबला. तिने खिशातून बाटली काढली, उघडली आणि फ्यूज आप्पांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला. “निळा. पंधराचा. हा कुठे मिळाला तुला?”

ती काहीतरी बोलली. तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

“मोठ्याने बोल गं. मला ऐकू येत नाही, माहीत आहे ना तुला.”

ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसतील.

“फ्यूज मी काढला. पट्टी मी लावली. बारावा मीच मुद्दाम सांगितला. मिस्त्रीदादांनी काही केलेलं नाही, आणि तुमच्या डोक्यालाही काही झालेलं नाही, आप्पा. शेपटी ठेवायला तुम्हीच शिकवलंत मला.”

ते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, अगदी उघड, लहान मुलासारखी. आणि तिच्या मागोमाग दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं, तेव्हा तिला नजर खाली घालावीशी वाटली. तिने घातली नाही.

“का?” त्यांनी विचारलं. पण त्यांची मूठ फ्यूजवर मिटली होती आणि डोळे खांबाला घासलेल्या आरशाकडे गेले होते.

“वळणावर ती बाई बाबागाडी घेऊन उभी होती,” तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. “तुम्हाला ती दिसली नाही. आप्पा, आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही.”