देव्हाऱ्यातली बिडी

मी एक जुना धोटा आहे, मित्रांनो, आणि मी खोटं कधी बोलत नाही. खरं असतं त्यालाच जरा लांबी देतो. सगळा जन्म कापडाच्या धंद्यात गेला, लांबीची सवय लागणारच.

धोटा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यंत्रमागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो मी. अंग लाकडाचं, दोन्ही टोकांना पोलादी चोच आणि पोट पोकळ. त्या पोटात दोऱ्याची कांडी बसते. कुशीला एक बारीक भोक असतं, तो माझा डोळा. कांडी संपली की कारागिरानं नवी घालायची, दोऱ्याचं टोक आतून डोळ्याशी धरायचं, बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास ओढायचा. फुस्स! दोरा बाहेर. म्हणजे कारागिराच्या छातीत काय चाललंय, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं.

ज्या झाडापासून मी झालो ते एवढं मोठं होतं, की त्याच्या सावलीत सुरतेतलं अख्खं लिंबायत खाटा टाकून झोपलं असतं आणि शेजारच्या उधन्याच्या पाहुण्यांनाही जागा उरली असती. सुतारानं त्याला तासून तासून माझ्याएवढं केलं. मग मी बमरोलीच्या एका खात्यात आलो. मागांच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. तिथं दगाच्या हाती लागलो.

दगा खानदेशातून आलेला. बायको मालतीबाई आणि तो लिंबायतच्या एका गल्लीत राहायचे. तरुणपणी दगाचा श्वास असा होता, की त्यानं डोळ्याला ओठ लावायच्या आतच दोरा घाबरून बाहेर यायचा. मीही काही कमी धावलो नाही. एकदा वेगाच्या भरात मागातून उडालो, खिडकीतून बाहेर पडलो, थेट भुसावळच्या गाडीच्या टपावर. नंदुरबारला उतरून परतीच्या गाडीनं पाळी सुटायच्या आत जागेवर हजर! शेजारच्या मागांवरचा चिंधा म्हणतो, मी खिडकीखालच्या गटारात पडलो होतो. चिंधाचं काय ऐकता?

पण दगाला बिडी लागली, तीही चिंधाच्याच सोबतीनं. खात्यात कापड असतं, म्हणून बिडी बाहेर अंगणात ओढायची. एक जण बाहेर गेला की दुसऱ्यानं त्याचे माग बघायचे, असा रिवाज होता. यात गंमत अशी, मित्रांनो, की बिडी ओढणाऱ्यालाच बाहेर जाता येई. जो ओढत नाही त्याला बाहेर काय काम? तो आपला खडखडाटात उभा.

दगानं बिडी सोडली नाही असं नाही. पुष्कळदा सोडली. एकदा श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीपुढे शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी देवीला तापीवर पोचवायला गेला, आणि देवीबरोबर शपथही पाण्यात गेली. मग प्लेगचं साल आलं. सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून फिरत होती. दगा म्हणाला, आता तोंडच बांधलंय, सुटली बिडी! दोन दिवसांनी पाहतो तर त्याच्या रुमालाला बरोबर बिडीच्या मापाचं भोक. पुढच्या खेपेला तो खरंच नेटानं सोडून बसला, पण चिंधा पाळीत चारदा बाहेर जाई आणि दगा दोघांचे माग बघत घामानं निथळे. शेवटी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर गेला आणि हात रिकामा दिसू नये म्हणून बिडी पेटवली.

होता होता दगाचा श्वास आखडला. एका फुस्सच्या जागी दोन लागू लागले, मग तीन. एके दिवशी तर तो ओढतोय, खोकतोय, पुन्हा ओढतोय, आणि दोरा आपला माझ्या पोटात ढिम्म. तोवर त्याचे बाकीचे मागही एकेक करून थांबले. मुकादम भगवान येऊन उभा राहिला.

"दगा, दोरा ओढतोयस की विहीर उपसतोयस?"

"दोराच खराब आहे, भगवानभाऊ."

भगवाननं मला त्याच्या हातातून घेतलं, ओठ लावले आणि दोरा सर्रकन बाहेर काढला. मग हळू आवाजात म्हणाला, "दिवाळीनंतर लाभपाचमीला खातं उघडेल. याच धोट्यातून एका श्वासात दोरा काढून दाखव. नाही जमलं तर तुला मागावरून काढावं लागेल, गड्या. ताके उचल मग."

कापडाचे ताके उचलणं म्हणजे दिवसभर जिना चढणं-उतरणं. मागावर श्वास पुरेना तो जिन्यावर कुठून पुरणार? आणि दगाला माग सोडून दुसरं काही आवडत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्यानं मला पिशवीत घातलं. माझी एक चोच तशीही चिरली होती, त्यामुळे कुणी अडवलं नाही. "सरावाला नेतो," तो म्हणाला.

या वेळी दोघांनी बसून बेत केला. दगाच्या घरात अहिराणी चालते. मालतीबाई म्हणाली, "शपथ घेऊ नका. तुमनी शपथले पाय शेत." शेत म्हणजे आहेत. ठरलं ते असं: बाहेर जाणं बंद करायचं नाही. चिंधासारखंच ऐटीत बाहेर जायचं, पण खिशात फुटाणे न्यायचे. खंडेनवमीच्या दिवशी बिडीचं बंडल चुलीत घालायचं.

बंडल चुलीत गेलं. पण त्याआधी दगानं हळूच एक बिडी काढून घेतली. अडीनडीला असावी म्हणून. लपवायची कुठं? एका खोलीच्या घरात मालतीबाईचा हात फिरत नाही अशी जागा कुठली! त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि ती माझ्या पोटात सारली, वर चिंधीचा बोळा कोंबला.

आता खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहेच. शिपायाची तलवार तशी विणकराचा मी. दगा अंगणात हात धूत होता तेवढ्यात मालतीबाईनं मला पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि थेट देव्हाऱ्यात कानबाईच्या तसबिरीशेजारी बसवलं.

"इतली वरीस भाकर दिधी याने," ती म्हणाली. "आते अठेच ऱ्हावू द्या."

दगाचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याची अडीनडी देवाजवळ जाऊन बसली होती!

पुढची मौज ऐका. दगाला तलफ यायची ती संध्याकाळी, पाळीवरून आल्यावर चहा झाला की. तो देव्हाऱ्याकडे सरकायचा, की मालतीबाई हटकायची.

"आंगोय नही, काही नही, देव्हाराले हात कसाले लावतस?"

"पाया पडी ऱ्हायनू."

"दुरून पडा."

आता आंघोळ करावी तर पाणी? गल्लीतला नळ सकाळीच काय तो गुरगुरायचा. संध्याकाळी दुसऱ्या आंघोळीला बादलीभर पाणी मागितलं तर मालतीबाई कारण विचारणार. म्हणून दगा दुरूनच हात जोडून उभा राहायचा आणि एकटक माझ्याकडे बघायचा. बघता बघता तलफ निघून जायची. सकाळी आंघोळ झालेली असायची, पण तेव्हा मालतीबाईच दिवा लावत समोर बसलेली. शेजारची सखुबाई दारातून बघायची आणि म्हणायची, "दगाभाऊ भलतेच देवभोळे झाले हो! डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या!"

पाणी यायचं, पण ते कशानं हे मला आणि कानबाईलाच ठाऊक.

खात्यात चिंधानं छळायचं सोडलं नाही. दगाच घरी येऊन ते सांगायचा. "फुटाणे खायला बाहेर येतोस होय? माकडा, मग झाडावर बस की!"

"तू धूर खा. मी फुटाणे खातो. बघू कोण आधी वाळतं."

दिवाळी आली. दगाचा खोकला आधी वाढला, मग उतरला. खात्यातला जिना चढताना तो म्हणे मध्ये थांबेनासा झाला. रात्रभर कण्हणारी त्याची छाती आता नुसती घोरायची, आणि ते घोरणं इतकं जोरकस की एकदा कानबाईची तसबीर उलटी झाली. सखुबाई म्हणते मांजर होतं. असेल.

लाभपाचमीची सकाळ. दगा आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. मालतीबाईनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आधी पोटमा शे ते काढा," ती म्हणाली, "मंग कांडी घाला."

दगा जागच्या जागी थिजला. "तुले... माहीत व्हतं?"

"पुसाले लिधा तव्हयच वास उना." म्हणजे मला पुसतानाच तिला बिडीचा वास आला होता! ती चुलीकडे वळली. "म्हनून तं देवजवय ठेवा."

खात्यात सगळे जमले होते. दगानं चिंधीचा बोळा काढला, बिडी काढली आणि चिंधाला दिली. चिंधानं लगेच अंगणात जाऊन काडी लावली. हळद आणि निरांजनाचं तेल पिऊन बिडी अशी तृप्त झाली होती की पेटेना. चिंधानं अर्धी काडेपेटी संपवली.

इकडे दगानं कांडी बसवली. दोऱ्याचं टोक डोळ्याशी धरलं. त्याचे ओठ माझ्या डोळ्याला लागले, आणि किती वर्षांनी, मित्रांनो, त्या ओठांना तंबाखूचा नाही, फुटाण्यांचा वास होता! भगवान हात मागे बांधून बघत होता. मशीन बंद, सगळं खातं गप्प.

फुस्स!

दोरा बाहेर आला. मी तर सांगतो, तो दोरा दगाच्या तोंडातून जाऊन मागच्या खिडकीपर्यंत पोचला. दारातून डोकावणारा चिंधा म्हणतो, वीतभर आला. आला की नाही?

"जा," भगवान म्हणाला. "माग चालू कर." आणि वळताना त्यानं दगाच्या खिशात हात घालून मूठभर फुटाणे घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पाचव्यांदा काही सोडायला निघालं असेल, तर मागच्या चार वेळा त्याला ऐकवू नका. त्याला फुटाणे भाजून द्या. आणि त्याची अडीनडी अशा जागी ठेवा, की तिथं हात घालण्याआधी आंघोळ करावी लागेल. आम्हा जुन्या हत्यारांनाही अधूनमधून पुसत जा. पुसताना काय काय सापडतं, ते तुम्ही पाहिलंच.

मी आता पुन्हा देव्हाऱ्यात आहे. पोट रिकामं झालं म्हणून मालतीबाई त्यात उदबत्त्या ठेवते. धुराची संगत काही माझ्या नशिबातून सुटली नाही, पण वास पुष्कळ बरा आहे.