तरंगबाबाच्या छातीचे माप

"बांधा रे! आणखी घट्ट बांधा!"

तरंगबाबा ओरडत होता आणि धक्क्यावरची हजारभर माणसे त्याच्या सुरात सूर मिसळून ओरडत होती. दोन शिष्यांनी त्याचे पाय दोरीने आवळले. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाच किलोचा दगड होता. तो खरा असल्याची खात्री पटावी म्हणून गर्दीतल्या तिघाचौघांना उचलून बघायला दिला. मग शिष्यांनी बाबाला सरळ धरणाच्या पाण्यात ढकलले. बायका किंचाळल्या. एकाने स्वतःची छाती बडवून घेतली. आणि बाबा वर आला. छातीपर्यंत पाण्यात, हात जोडलेले, चेहऱ्यावर पोटभर जेवलेल्या जावयाचे समाधान.

"बघा! दगड ओढतोय खाली, पाणी झेलतंय वर. का? कारण मी पाण्याला शरण गेलोय. आणि तुम्ही? तुम्ही फोम बांधून जाता! आईच्या कुशीत शिरताना कुणी चिलखत घालतं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे उभी राहून दातओठ खात होते.

मी शिवणकाम करते. या धक्क्यावरून पलीकडच्या कारखान्यात कामगार पोचवणारे साठ वल्हेवाले आहेत. त्यांची जीवरक्षक जॅकेटे मीच शिवते, मीच दुरुस्त करते. माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच एक.

आमच्या वल्हेवाल्यांची एक जुनी खोड आहे. ते गुडघे टेकून वल्हवतात. खालची फळी बोचते, म्हणून जॅकेट अंगात घालायचे सोडून घडी करून गुडघ्याखाली घेतात. "अरे, ते छातीचं आहे, गुडघ्यांचं नाही!" असा कंठशोष मी वर्षानुवर्षे केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. फोम चेपून त्याचा पुठ्ठा झाला की निर्लज्जपणे माझ्याकडेच आणून टाकायचे.

बाबाने नेमकी हीच नस पकडली. "ज्याच्यावर रोज गुडघे रगडता, त्याच्यावर तुमचा विश्वास आहे म्हणता? खोटारडे कुठले! आणा ती जॅकेटं, टाका माझ्या पायाशी!" आठवड्याभरात चाळीस जॅकेटे पडली. बदल्यात प्रत्येकाच्या मनगटाला एक काळी दोरी. ती बांधली की म्हणे माणूस बुडत नाही.

नवव्या दिवशी लंब्या मेला.

लंब्या माझ्या भावाचा जोडीदार. एकाच होडीत पुढे लंब्या, मागे भाऊ. रिकामी होडी घेऊन परतताना सांडव्याच्या तोंडाशी पाण्याच्या ओढीने ती उलटली आणि तिची कड लंब्याच्या कानशिलावर बसली. लंब्यासारखा पोहणारा इथे दुसरा नव्हता. पण बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही. भाऊ पालथ्या होडीला नखे रुतवून लटकला, म्हणून वाचला. लंब्याला तिसऱ्या दिवशी गळ टाकून काढले. तोंड माशांनी खाल्ले होते. त्याच्या आईने त्याला पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून ओळखले. काळी दोरी सुजलेल्या मनगटात रुतून बसली होती.

बाबा काय म्हणाला असेल? "दोरी होती. विश्वास नव्हता."

आणि लंब्याची आई, आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी धुणारी ती बाई, त्याच्यासमोर दगडी फरशीवर डोके आपटू लागली. "माझ्या पोराला माफ करा, महाराज. लहानपणापासून थोडा अविश्वासीच होता तो." कपाळातून रक्त आले तरी थांबेना. कुणाचा तरी गळा दाबावा असे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी वाटले.

लगेच बाबाने जाहीर केले, की रविवारी धरणाची दारे उघडलेली असताना वीस होड्या सांडव्याच्या तोंडावरून जातील, जॅकेट कुणाच्याच अंगात नसेल, आणि लंब्याने लावलेला डाग धुतला जाईल. पहिल्या होडीत माझा भाऊ.

त्याच सभेत वाऱ्याने बाबाचा जाड झगा अंगाला चिकटला आणि माझी नजर त्याच्या छातीवर खिळली. तीस वर्षे मापे घेते मी. बघितले की इंच कळतात. चौतीस! आणि पाण्यात तरंगणारा बाबा सेहेचाळीसच्या खाली नव्हता. कापड भिजले की अंगाला चिकटते, माणूस बारीक दिसतो. हा बारा इंच वाढत होता. दंड मात्र तेवढेच, काड्यांसारखे.

रात्री जेवताना मी भावाला म्हटले, "झग्याच्या आत फोम आहे. आधी दुसरा असेल, आता तुम्ही दिलेली जॅकेटं उसवून त्यानं छाती-पोटाला बांधलीत."

"ताई, तोंड सांभाळ."

"दोन-तीन जॅकेटांचा फोम पाच किलोचा दगड सहज उचलतो. दगडाचं वजन पाण्यात आणखी कमी होतं. यात बाबा कुठं आला? तुझ्या पाया पडते, रविवारी जाऊ नकोस."

"लंब्या माझ्यामुळं मेला!" तो ताट भिरकावून उठला. "माझ्या मनात शंका आली म्हणून! बाबांनी स्वतः सांगितलं मला. आता तू परत शंका घालतेस?" आणि त्याने माझ्या थोबाडीत मारली. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवले, त्याने.

भावजय मला आत घेऊन गेली. ओल्या फडक्याने गाल पुसता पुसता तिने स्वतःची बाही वर केली. दंड काळानिळा झाला होता. "मी पण सांगून पाहिलं, वन्सं," एवढेच म्हणाली.

सकाळी माझ्या दुकानावर पाच जण आले. दोन शिष्य, तीन आपलेच वल्हेवाले. शिलाई मशीन रस्त्यावर आदळून फोडले. मी आडवी गेले, तेव्हा एकाने माझा डावा हात बुटाखाली घेऊन टाच फिरवली. दोन बोटे मोडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पण अक्कल बघा शहाण्यांची. कापड कापायची मोठी कात्री तशीच ठेवून गेले, आणि माझा उजवा हातही!

रविवारी होड्या रांगेत लागल्या. बाजूला पाण्यात बाबा तरंगत होता, पायाला दगड, हात आशीर्वादाला वर. मी आणि भावजय छोट्या होडीतून निघालो. दोघींच्या अंगात जॅकेटे, होडीत आणखी दोन. वल्हे भावजयीच्या हातात. तिचे माहेर पाण्याच्या काठचेच.

"ह्या बघा, चिलखतवाल्या!" कुणीतरी ओरडले आणि दगड सुरू झाले. एक भावजयीच्या भुवईवर फुटला. रक्त डोळ्यात उतरले. तिने खांद्याला डोळा पुसला आणि वल्हे थांबवले नाही.

"या, या, पोरींनो," बाबा म्हणाला. "पाण्याला शरण..."

मी त्याचा झगा गळ्यापाशी धरला आणि कात्री घातली.

एका दमात बेंबीपर्यंत फाडला. आतली पट्टी तुटली आणि निळ्या फोमचे तुकडे भसाभस वर आले. बाबाचे प्रवचन तिथेच संपले. "ए बये, कापू नको! मला पोहता येत नाही!"

दगडाला मात्र पोहणे-बिहणे काही कळत नव्हते. त्याने बाबाला खाली खेचले.

मी जॅकेट त्याच्यापुढे टाकले, पण घाबरलेल्या माणसाला समोरचे दिसत नाही. तेवढ्यात माझ्या भावाने उडी मारली. अजूनही त्याला वाचवायलाच! बाबाने त्याच्या मानेला मिठी घातली, नाकावर कोपर हाणले, केस धरून त्याच्या खांद्यावर चढला. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याची शिडी करतो. दोघे गेले खाली. मी तशीच उडी घेतली. जॅकेटने मला बुडू दिले नाही, म्हणूनच मोडक्या हाताची असूनही मी भावाची कॉलर दातांत आणि उजव्या मुठीत धरून ठेवू शकले. वल्हेवाल्यांनी दोर कापून बाबाला दाढी धरून ओढला.

धक्क्यावर भाऊ पालथा पडून पाणी आणि रक्त ओकत होता. नाक मोडले होते, पण श्वास चालू होता. कुणीतरी फोमचे तुकडे गोळा करून आणले. फोम आत भरण्याआधी मी त्यावर वल्हेवाल्याचा नंबर लिहिते. पहिल्या तुकड्यावर आठ होता, दुसऱ्यावर एकतीस.

तिसरा तुकडा लंब्याच्या आईने उचलला. "सतरा," ती म्हणाली. "सतरा माझ्या पोराचा."

ज्याने तिचा मुलगा वर तरंगला असता, त्यावर हा बाबा तरंगत होता.

तिने वल्हे उचलले. पहिला घाव बाबाच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडले. मग गर्दी पुढे सरकली. "बुडवा साल्याला! बांधा दगड!" कालपर्यंत त्याचे पाय धुणारेच त्याला फरफटत पाण्याकडे नेऊ लागले.

खरे सांगू? क्षणभर मलाही वाटले, नेऊ दे. पण मी आडवी गेले. "तेव्हा न तपासता डोक्यावर घेतला, आता न तपासता मारताय! तुमच्यात फरक काय पडला? पोलीस येतील. त्यांच्या पुढे हा फोम ठेवा, हे नंबर ठेवा, आणि जे जे पाहिलंत ते बोला." लंब्याच्या आईने वल्हे खाली टाकले आणि ती मटकन बसली. मी उरलेले जॅकेट बाबाला घातले, बक्कल लावले. तो दोन्ही हातांनी त्याला बिलगून बसला. त्याचा खरा विश्वास कशावर होता, ते सगळ्यांनी डोळे भरून पाहिले.

तर बाबांनो, बायांनो, पाण्याला ना कुणाची शरणागती कळते, ना कुणाची शंका. फोममध्ये हवा कोंडलेली असते, ती पाण्याहून हलकी, म्हणून ती वर ढकलते. साधूला ढकलते तशी चोरालाही. लंब्याच्या मनात पाप नव्हते. त्याच्या अंगात जॅकेट नव्हते, एवढेच. पोहता येत असले तरी घाला. पाणी शांत असले तरी घाला. पट्टे आवळा. आणि कुणी तरंगून दाखवलेच, तर आधी त्याच्या छातीचे माप घ्या.

महिन्याभराने भाऊ परत कामाला निघाला, नाकावर पट्टी अजून होतीच. धक्क्यावर माझ्यापुढे येऊन हात पसरून उभा राहिला. मी जॅकेट चढवले, बक्कले लावली आणि पट्टा जोर लावून ओढला.

"ताई, सैल कर ना जरा. श्वास घेताना आवळतंय."

"आवळू दे," मी म्हटले. "श्वास घेतोयस म्हणून आवळतंय."