प्रिन्सचं बाळंतपण

मॉस लँडिंगच्या खाडीतल्या समुद्री पाणमांजरांना ऑर्लिंडा सिल्व्हेरा बावीस वर्षं ओळखत होती. धक्क्यावर दुर्बीण लावून बसायचं, कोण काय खातं, कोणाशी भांडतं ते दर दहा मिनिटांनी तक्त्यात टिपायचं, हे तिचं काम. पाणबुडे एखादं पाणमांजर जाळ्यात पकडून आणत, डॉक्टर ओकुबो त्याच्या पोटात छोटा रेडिओ शिवत आणि ऑर्लिंडा मागच्या पायांना रंगीत बिल्ले ठोके. आकड्यापलीकडे नाव कुणालाच नव्हतं.

मग त्यांच्या संशोधन केंद्रात प्रसिद्धीसाठी टकर हॉलिस आला. वय सव्वीस, बूट पांढरेशुभ्र. त्याने लाल-पिवळ्या बिल्ल्याच्या ८४१ नंबरच्या नराचा छातीवर हात ठेवून तरंगणारा फोटो वेबसाइटवर टाकला आणि लोकांकडून मतं मागवून त्याचं नाव ‘प्रिन्स’ ठेवलं. महिन्याभरात प्रिन्सला एवढे चाहते मिळाले की संचालकांनी टकरला खिडकीजवळची खोली दिली. ऑर्लिंडाची दुर्बीण मात्र चिकटपट्टीवर चालली होती.

एका शनिवारी चाहत्यांना धक्क्यावर बोलावलं. सॅक्रामेंटोहून आलेल्या एक बाई दुर्बिणीला डोळा लावून चित्कारल्या, “अगंबाई! बाळाला कुशीत घेतलंय त्यानं!”

“कुशीत नाही,” ऑर्लिंडा म्हणाली. “ओलीस धरलंय.”

प्रिन्सने पिल्लू पाण्यात दाबलं. आईने धडपडत आपला खेकडा सोडला. प्रिन्सने पिल्लू भिरकावलं आणि खेकडा फोडायला घेतला.

“खेळकर आहे जरा,” टकर म्हणाला.

सोमवारी तो तक्ता घेऊन आला. “ऑर्लिंडा, इथे तुम्ही ‘लूट’ लिहिलंय. ‘सामाजिक देवाणघेवाण’ करा ना.”

“देवाण मला दिसली नाही, बाळा. नुसती घेवाणच दिसली.”

आठवड्याभरात वेबसाइटवरच्या प्रिन्सच्या पायांत हिरवे बिल्ले आले. ऑर्लिंडा तडक खिडकीजवळच्या खोलीत गेली.

“टकर, हे तर ६१२ आहे.”

“नाव तेच ठेवलंय. फक्त पाणमांजर बदललं. हे गरीब वाटतं, नाही?”

“अरे, पण ते—”

“तपशील नकोत, प्लीज. तपशिलानंच घोटाळा झाला ना गेल्या वेळी!”

ओकुबोंनी नंतर विचारलं, “सांगितलंस का त्याला?”

“नको म्हणाला,” ऑर्लिंडा म्हणाली.

मार्चमध्ये प्रिन्स व्याला.

सकाळी छातीवर ओलं पिल्लू घेऊन तो मजेत तरंगत होता आणि केंद्राचा फोन खणखणत होता. टकर धावत धक्क्यावर आला. बुटांना पहिल्यांदाच चिखल लागला होता.

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“दर आठवड्याला लिहून पाठवते. तिसरा रकाना. लिंग.”

बंद दाराआड दोन तास बैठक झाली. दुपारी जाहीर झालं, की प्रिन्सने एक अनाथ पिल्लू दत्तक घेतलंय. लोक गहिवरले. शाळांतून पत्रं आली. एका मासिकाने त्याला ‘आदर्श पिता’ ठरवलं आणि सन्मानपत्रासोबत पुरुषांचा टाय पाठवला.

इकडे ६१२ खंगत चालली होती. पिल्लाला पाजणारी मादी दिवसभर खाते तरी तिला पुरत नाही. आणि आपला अर्धा खेकडाही ती पिल्लालाच देते. पिल्लू सुटं झाल्यावर ऑर्लिंडाने तिला पुन्हा पकडवलं. ताजव्यात तिला ठेवताना हातांना नुसती हाडं लागली. वीस किलोंची मादी चौदावर आली होती.

“रक्तात पाळीव मांजरांच्या विष्ठेतला एक जंतूही आहे,” ओकुबो म्हणाले. “गटारातून खाडीत येतो. आज सोडू हिला, पण हिवाळा काढेल असं काही मी म्हणत नाही.”

ऑर्लिंडा ते कागद घेऊन टकरकडे गेली. “एकच ओळ टाक. मांजराची घाण गटारात सोडू नका म्हणावं.”

“आपले निम्मे चाहते मांजरं पाळतात हो! दुखावतील.” त्याने कागद मात्र ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर ठळक अक्षरांत आलं: ‘प्रिन्स झाला सडपातळ! सहा किलो घटवण्याचं गुपित काय?’

ऑर्लिंडाने उभ्या उभ्या त्या बातमीखालीच आपल्या नावानिशी लिहिलं: ‘ही मादी आहे. पिल्लाला पाजून पाजून हिची हाडं निघाली आहेत. हिला आजार मांजरांच्या घाणीतून लागलाय, ती गटारात टाकू नका.’ संचालकांना काय वाटेल याची आता तिला पर्वा नव्हती.

संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं आली. पहिलं सॅक्रामेंटोच्या बाईंचं होतं: ‘अय्या, प्रिन्सच्या बायकोचा फोटो टाका ना!’