झऱ्यावरच्या बायका

बसा हो बाई. तिथं नको, खिडकीपाशी बसा, तिथून झरा दिसतो. ते वहीपेन राहू द्या बाजूला, चहा निवतोय. तुम्ही आमच्या हॅसलडेल गावाचं पुस्तक लिहायला आलात ना? मग एडना बॅगशॉची गोष्ट ऐकल्याशिवाय मी काही तुम्हाला दाराबाहेर सोडत नाही. मी जन्मभर खाणीचा दगड वाहिला, शाळेत फार टिकलो नाही. तेव्हा सांगताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

एडना माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढता वाढता म्हातारी झाली. काम सुटलं आणि हिला पुस्तकांनी झपाटलं. पुस्तकांची गाडी यायची चौकात, तर ही आधीच पिशवी घेऊन पावसात उभी. गाडीवाली पॉलीन म्हणायची, "एडना, अगं मागची तरी संपली का?"

"संपली. त्यातही नाही."

पुस्तक उघडायची तिची रीत न्यारी. मागून उघडायची. शेवटी नावांची सूची असते ना, तिथं आधी बोट फिरवायची. मग घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचायची, तेही बसून नाही. स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत. माझ्या भिंतीपलीकडं तिची पावलं वाजत राहायची. राजे झाले, त्यांच्या राण्या झाल्या, लढाया, आगगाड्या, गिरण्या, सगळा देश वाचून काढला बाईनं. कुंपणावरून मला सांगायची, "लेन, या राजाला दातदुखी होती हेसुद्धा लिहिलंय. त्याच्या कुत्र्याचं नाव लिहिलंय. आणि आपलं गाव नाही."

"आपल्या गावात घडलंय काय लिहायला?"

"तेच तर," म्हणायची, आणि चालू पडायची.

तिच्या डोक्यात भुंगा कसला होता ते सांगतो. तुम्ही वाचलंच असेल, आमच्या जुन्या पाद्रीबाबांनी गावाची एक पातळशी पोथी छापली होती. त्यात आहे की, मोठ्या दुष्काळात जमीनदार सर एव्हरार्डनी दया येऊन आपला झरा गावाला खुला केला. बस्स, एवढंच. पण एडनाच्या आजीनं तिची वेणी घालताना वेगळंच सांगितलेलं. म्हणे त्या साली जमीनदारानं झऱ्याला लोखंडी दार बसवून कुलूप घातलं, घोड्यांना पाणी पुरावं म्हणून. गावाची पोरं डबक्याचं पिऊन आजारी पडायला लागली. तेव्हा आजीची सासू, केझिया बॅगशॉ, नवऱ्याचा खाणीतला हातोडा घेऊन निघाली, मागं बादल्या घेऊन बायका. कुलूप फोडलं. केझियाला तुरुंगात घातलं, पण दार काही परत लागलं नाही.

आता खरं कुठलं? मला विचाराल तर मी आजीच्या बाजूचा. पण दरसाल आम्ही झरा सजवतो, मोठ्या चौकटीत माती थापून तिच्यावर फुलांच्या पाकळ्यांचं चित्र बसवतो, तर एका साली कमिटीनं ठरवलं की यंदा चित्र सर एव्हरार्डचं. मधे जमीनदार, हात मागच्या झऱ्याकडं केलेला, आणि भोवती बादल्या घेतलेल्या बायका, माना वर करून त्याच्याकडं बघतायत.

एडना प्रार्थनाघरातल्या त्या बैठकीत उभी राहिली. "माझ्या पणजीनं मान वर करून कुणाकडं बघितलं नव्हतं. तिनं कुलूप फोडलं."

कमिटीचे अध्यक्ष फर्निससाहेब. माणूस वाईट नाही, पण कागदाला धरून चालणारा. म्हणाले, "एडनाबाई, माझं काही वाकडं नाही हो तुमच्याशी. पण कुठं लिहिलंय ते दाखवा. मी स्वतः चित्र बदलतो."

एडना खाली बसली. तिचे कान लाल झालेले मी बघितले.

त्या हिवाळ्यात बाईनं जिवाचं रान केलं. पॉलीनकडून जिल्ह्याच्या गावातली पुस्तकं मागवली. बस बदलत तिथल्या मोठ्या वाचनालयात स्वतः गेली. एकदा आली ती तरातरा माझ्याच दारात. "लेन, भाकरी महाग झाली म्हणून बायकांनी पिठाच्या गाड्या अडवल्या, ते आहे पुस्तकात! नावंगावं आहेत! कारखान्याच्या खिडक्या फोडल्या, ते आहे!"

"मग झालं की."

"झालं काय, डोंबल! त्या दुसरीकडच्या. त्यांचं लिहायला कुणीतरी बसलं होतं. आपल्याकडं लिहिता येणारा एकच होता, पाद्रीबाबा, आणि तो जमीनदाराकडं जेवायला जायचा."

काही सापडलं नाही. शेवटपर्यंत नाही.

मे महिना आला. माती सुकू नये म्हणून लाकडी चौकटी तळ्यात भिजत घातल्या. मी अनवाणी माती तुडवली, मीठ घालून, म्हणजे ओल धरून राहते. कोठारात सगळ्या बायका पाकळ्या निवडत बसल्या. एडनाचा हात सगळ्यांत साफ, म्हणून मधला जमीनदार तिच्याकडं. फर्निससाहेबांनीच दिला, तिला बरं वाटावं म्हणून.

आता पाकळी कशी लावायची हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. छपराला कौलं लावतात तशी, खालून वर. वरची पाकळी खालचीवर चढली पाहिजे, म्हणजे पाऊस वरच्यावर निघून जातो. आधी एडनानं चित्रातल्या भोवतीच्या बायकाही लावायला मागून घेतल्या. घागऱ्याच्या काठापासून वर डोक्यापर्यंत, एकेक पाकळी दाबून. मग जमीनदार घेतला. मी मातीची बादली घेऊन जवळ गेलो तर बाई त्याच्या टोपीपासून खाली येतेय.

"एडना," मी हळूच म्हटलं, "उलटं लावतेयस."

"माती तुडव, लेन."

"अगं पण पाऊस—"

"लेन. माती तुडव."

तुडवली मग.

चौकट झऱ्यावर चढली तेव्हा असं देखणं चित्र आम्ही कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. निळा कोट तर असा की हात लावावा. बँड वाजला, पाद्रीबाईंनी झऱ्याला आशीर्वाद दिला, फर्निससाहेब एडनाला म्हणाले, "कमाल केलीत!" एडना म्हणाली, "बघू, टिकतंय किती."

आणि मग पाऊस. आमच्याकडचा तो, बारीक, चिवट, दिवसभर घरच्यासारखा राहणारा. पाणी त्या कोटाच्या आतच शिरलं. आधी टोपी गेली, मग तोंड, मग तो झऱ्याकडं केलेला हात. सगळा कोट घसरून झऱ्याखालच्या हौदात तरंगायला लागला. मधे नुसती ओली माती राहिली, माणसाच्या आकाराची. आणि भोवती बायका. एक पाकळी हलली नव्हती. आता त्या माना वर करून कुणाकडंच बघत नव्हत्या. मधला माणूसच गेला म्हटल्यावर बघत होत्या त्या सरळ त्याच्यामागच्या झऱ्याकडं.

फर्निससाहेबांनी छत्री धरून चौकट टोपीच्या जागेपासून खालपर्यंत बघितली. त्यांना कळलं. दरसाल चौकटीपाशी असतात ते, त्यांना कळणारच. मी म्हटलं, आता भडका उडणार. एडना हौदापाशी उभी, हात स्वतःच्या कोटाच्या खिशात, पण पाय काही जागेवर ठरेनात.

तेवढ्यात मोटारीतून आलेलं पाहुण्यांचं जोडपं चौकटीपाशी थांबलं. त्यातली बाई विचारती झाली, "या बायका कोण हो? आणि मधलं काय पडलं?"

फर्निससाहेबांनी छत्री त्या बाईवर धरली. एडनाकडं बघितलं नाही. म्हणाले, "लिहिलेलं कुठं नाही. पण आमच्या गावात असं सांगतात, की दुष्काळाच्या साली केझिया नावाची एक बाई होती..."

सगळं सांगितलं. हातोड्यासकट.

एडनाचे पाय थांबले. मी तिला एवढी वर्षं ओळखत होतो, पण तिला अशी थांबलेली तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग तिनं हौदातल्या निळ्या पाकळ्या ओंजळीनं उचलल्या, पाणी निथळू दिलं आणि म्हणाली, "चल लेन, चहा टाकते."

त्याच साली थंडीत वारली ती. पॉलीन गाडी घेऊन आली, पिशवी घेऊन कुणी उभं नव्हतं. एक पुस्तक परत करायचं राहिलं होतं, ते मीच नेऊन दिलं.

तर बाई, आता घ्या ते वहीपेन. पुस्तकात आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पुरावा नाही म्हणा, सांगोवांगी म्हणा, मी भांडायला येणार नाही. एवढंच करा माझ्यासाठी. शेवटच्या पानावर सूची कराल ना, तिथं घाला: बॅगशॉ, केझिया. आणि तिच्या वर, एडना. ती पुस्तक मागून उघडायची हो.